काचेत बघ

सगळी गल्ली त्याला 'हलू नका' म्हणायची. तोंडावर नव्हे, तोंडावर मास्तर. पण तो स्टुडिओचं शटर ओढून निघाला की समोरचा शिंपी मशीनवरून मान न उचलता म्हणायचा, निघाले हलू नका. तीस वर्षं पासपोर्टचे, ओळखपत्रांचे आणि लग्नांचे फोटो काढून काढून त्या माणसाचं बोलणंच तेवढं उरलं होतं. मान वर, खांदे सैल, काचेत बघा, हलू नका. काच म्हणजे कॅमेऱ्याची पुढची भिंगाची काच. दुसऱ्यांची लग्नं इतकी बघितली की स्वतःचं राहूनच गेलं. घरात आई आणि तो, दोघंच.

दर मोठ्या सुट्टीत धाकटी बहीण नवरा आणि दोन मुलींना घेऊन पंधरा दिवस राहायला यायची. स्टुडिओ तेवढे दिवस बंद, पण कॅमेरा कसला बंद! आजी नातीची वेणी घालतेय, काढ फोटो. जावई पेपर तोंडावर घेऊन घोरतोय, काढ फोटो. मुली पत्ते मांडून मामाला हाका मारायच्या, आणि मामा स्टुलावर चढून म्हणायचा, एवढा उजेड आहे तोवर थांबा, मग येतो. उजेड जायचा, पत्ते आवरले जायचे, ताटातलं गार व्हायचं. जावई चिडवायचा, मास्तर, सुट्टी आम्हाला लागलीय की तुम्हाला ड्यूटी? मास्तर हसायचा. आपण सगळ्यांसाठी राबतोय, असंच त्याला वाटायचं. त्या वाटण्याची आता त्याला लाज वाटते.

फोटोत त्रास एकाच माणसाचा होता, आईचा. ती काचेत बघायचीच नाही. नजर चार बोटं वर, थेट मास्तरच्या तोंडाकडे. तो सांगून सांगून थकला. आई, माझ्याकडे काय बघतेस, काचेत बघ. ती म्हणायची, तुझ्याकडेच तर बघायचंय. एका वर्षी मागच्या अंगणात सगळे ओळीने बसले होते, ऊन उतरत चाललं होतं आणि हिच्यापायी चौदा फोटो वाया गेले. मास्तरचा तोल गेला. जावयासमोर, नातींसमोर तो ओरडला, "एवढं साधं कळत नाही का गं तुला?" आईचा चेहरा पडला. तिने पदराने चष्मा पुसला, हनुवटी वर केली आणि काचेत बघितलं. पंधरावा फोटो झकास आला. त्यानंतर ती कधी चुकली नाही. आधीचे चौदा मास्तरने घरात शिरल्या शिरल्या पुसून टाकले. वाया गेलेला फोटो दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचा नाही, ही त्याची शिस्त.

गेली दोन वर्षं आई विसरायला लागली. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, रोज घरच्यांचे फोटो दाखवा, नावं म्हणून घ्या. मग काय, मास्तरने जिवाचं रान केलं. सुट्ट्यांतले निवडक फोटो मोठे करून जाडजूड अल्बम बांधला आणि रोज सकाळी चहाबरोबर आईचा अभ्यास सुरू केला. ही लेक, हा जावई, ही थोरली नात, ही धाकटी. आई बोट ठेवून बरोबर सांगायची. मास्तर खूश.

यंदा बहीण आली, आणि आईने तिला दारातच ओळखलं. नातींनाही ओळखलं. बहिणीचे डोळे भरून आले, दादा, तू कमाल केलीस, असं ती दहादा म्हणाली. दुपारी सगळे जेवायला बसले आणि मास्तर सवयीने कॅमेरा घेऊन भिंतीला टेकला. आई लेकीच्या कानाशी वाकली, पण तिचं कुजबुजणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"ते फोटोवाले जेवले का गं? केव्हाचे उभे आहेत बिचारे."

जावई आधी हसला, मग त्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

मास्तरने आत जाऊन अल्बम तीनदा चाळला. दोनशे फोटोंत तो एकदाच सापडला, कपाटाच्या आरशात, तेही नुसतं कोपर. कोपरावरून आईने मुलगा ओळखायचा तरी कसा? ज्या चौदा फोटोंत ती त्याच्याकडे बघत होती, ते त्याने स्वतःच्या हाताने पुसले होते. आजार तिला झाला हे खरं, पण पाटी कोरी राहिली ती आपल्यामुळे, हे त्याला पुरतं कळलं. दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा बहिणीच्या हातात दिला आणि अंगणातल्या बाकावर आईला खेटून बसला. आई लगेच ताठ झाली. हनुवटी वर, खांदे सैल, नजर काचेत. तीस वर्षांत इतकं शहाणं गिऱ्हाईक त्याला मिळालं नव्हतं.

"आई, माझ्याकडे बघ," तो म्हणाला.

तिने मान वळवली नाही. त्याने पुन्हा म्हटलं, तिचा हात हातात घेतला. ओठ हलू न देता, हळू आवाजात तिने त्यालाच दटावलं.

"गप्प बसा हो. काचेतच बघायचं असतं. नाहीतर माझा मुलगा रागावतो."

बहिणीने कॅमेरा खाली घेतला. मास्तरने हातानेच खूण केली, काढ.

त्याच्या शिस्तीप्रमाणे तो फोटो वाया गेलेला आहे. आई काचेत बघतेय आणि शेजारचा माणूस काच सोडून तिच्याकडे. अल्बमच्या पहिल्या पानावर आता तोच आहे. आई रोज त्या माणसावर बोट ठेवून विचारते, हे कोण? मास्तर रोज सांगतो, आई, तो रागावणारा मुलगा मीच.

आई फोटो जवळ धरून बघते आणि मान हलवते. छे, हे तर रागावलेले दिसत नाहीत, म्हणते.