तीन खुंट आणि एक बर्च

मूस, म्हणजे आमच्याकडचं घोड्याएवढं हरीण, मारलेली माणसं आमच्या शिकारी टोळीत पुष्कळ आहेत. बर्चचं झाड मारलेली एकटी तोरबोर्ग. आणि ही गोष्ट मी तिच्या पाठीमागे सांगतोय असं कुणी समजू नये. तिच्या तोंडावर मी ती याहून तिखट करून सांगतो.

तोरबोर्ग सहासष्ट वर्षांची. एकतीस वर्षं तिने फिरत्या वाचनालयाची गाडी चालवली, तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यामुळे गावात कोण काय वाचतं हे तिला ठाऊक, आणि कोण काय वाचत असल्याचं सांगतं तेही. आमचा टोळीप्रमुख एवर्ट दर हिवाळ्यात डॉक्टर-नर्सच्या प्रेमकथा बायकोच्या नावावर घरी नेतो, हे मला तिच्याकडूनच कळलं. तिने लग्न केलं नाही. बापाची जाड विजार, बापाची रायफल आणि बापाचा ठिय्या, एवढं वारशाने आलं आणि तेवढ्यावर तिचं छान भागलं.

ठिय्या म्हणजे हाक्याच्या वेळी, कुत्री जनावर उठवून पुढे घालते तेव्हा, बंदूकवाल्याने बसायची जागा. आमच्यात ठिय्ये पिढ्यान्पिढ्या त्याच घराकडे राहतात. चौथा ठिय्या तोरबोर्गच्या घराचा. समोर दलदल, पाठीशी मोठा दगड, वारा बहुतेक वेळा तोंडावर. मूसला तळ्याकडे जायचं तर तिथूनच जावं लागतं. फक्त एक अट आहे. दर ऑगस्टात चांदमारीच्या मैदानावर धावत्या मूसची परीक्षा द्यायची. प्लायवुडचा मूस रुळांवरून झाडीतून निघतो, मोकळ्या पट्ट्यातून पळतो आणि पलीकडे दिसेनासा होतो. चार फेऱ्या, चार गोळ्या. त्यातल्या तीन तरी छातीच्या वर्तुळात हव्यात. नाही बसल्या तर ठिय्या चिठ्ठ्यांमध्ये जातो. आणि हंगामात जनावरावरची गोळी चुकली, तर पुढच्या हाक्याआधी पुन्हा हीच परीक्षा. हा मूस पळवायचं बटण गेली चौदा वर्षं माझ्या ताब्यात आहे. हात कापायला लागले तेव्हा मी रायफल ठेवली आणि बटण धरलं.

चौथ्या ठिय्यावर डोळा ठेवून असलेला माणूस म्हणजे बोर्ये, तोरबोर्गच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचा स्वतःचा ठिय्या अकरावा, खडीच्या खाणीपाशी. नऊ वर्षांत तिथून एक कोल्हा गेला आणि रोज एक शाळेची बस.

तर त्या वर्षी जुलैत तोरबोर्गच्या बापाच्या रायफलवरच्या दुर्बिणीने मान टाकली. आत ओल शिरली आणि काच दुधाच्या पेल्यासारखी पांढरी झाली. ऑगस्ट तोंडावर. गेल्या वर्षी ती जेमतेम तीन गोळ्यांवर पास झाली होती, त्यामुळे नवी दुर्बीण घेताना तिच्या जिवाला घोर होता. तिची गाडी दुरुस्तीला टाकलेली, म्हणून बोर्येने तिला तालुक्याला नेलं. मीही मागच्या सीटवर बसलो. मला गळ घ्यायचे होते, असं मी सांगितलं. खरं म्हणजे मला आल्गोटला बघायचं होतं.

आल्गोटचं बंदुकांचं दुकान आहे. बायको जाऊन सात वर्षं झाली. तोरबोर्ग दुकानात शिरली की तो डोक्यावरून हात फिरवून केस सारखे करतो. वास्तविक तिथे सारखं करण्याजोगं काही उरलेलं नाही.

"मोठं दिसायला नको मला," तोरबोर्ग म्हणाली. "ऐंशी मीटरवर मूस असतो, मुंगी नसते."

"मग एकपट ते चारपट," आल्गोट म्हणाला. "एकपटीवर दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येईल. आता प्रश्न उरला आतल्या फुलीचा."

त्याने दुर्बिणी काढल्या आणि मागचं दार उघडलं. मागे अंगण, अंगणात कचऱ्याचा काळा डबा आणि त्यामागे स्प्रूसच्या झाडांची गर्द रांग. तोरबोर्गने पहिली दुर्बीण डोळ्याला लावली. केसासारख्या बारीक रेघांची फुली होती.

"कागदावर नेम धरणारे हीच मागतात," आल्गोट म्हणाला. "गोळीच्या भोकातसुद्धा मधोमध धरता येते."

तोरबोर्गने ती डब्यावरून झाडांकडे वळवली. "फुली गेली कुठे?"

"आहे की."

"तुझ्या दुकानात असेल. जंगलात नाहीये."

दुसरीत मधोमध लाल उजेडाचा ठिपका होता. तिने पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हा ठिपका नाही, सांडलेला मुरंबा आहे."

"तुझ्या बुबुळाला जरा बाक असेल. तसल्या डोळ्यांना उजेडाचा ठिपका फुटलेला दिसतो."

"माझी बुबुळं तू इतक्या जवळून कधी पाहिलीस?"

मी खोकलो. आल्गोटचे कान त्या ठिपक्याच्या रंगाचे झाले आणि त्याने घाईने तिसरी दुर्बीण तिच्या हातात दिली. हिच्यात डावीकडून, उजवीकडून आणि खालून असे तीन जाड काळे खुंट आत आलेले आणि मध्याच्या अलीकडेच थांबलेले. मधल्या मोकळ्या जागेत बारीक फुली. तोरबोर्ग बराच वेळ काही बोलली नाही. डबा पाहिला, झाडं पाहिली, झाडांखालचा अंधार पाहिला.

"बाबांच्या दुर्बिणीत असेच होते," ती म्हणाली. "फुली हरवली तरी खुंट बोट दाखवतात."

इथे बोर्येला राहवलं नाही. "कुंपण घालायला निघालीस की शिकारीला? अगं, हे आता म्हाताऱ्यांच्या भिंतीवर टांगतात. ही बघ, माझ्यासारखी." त्याने चौथी पुढे केली. तिच्या आडव्या आणि उभ्या रेघेवर खुणाच खुणा, नाताळच्या झाडाला दिवे लावावेत तशा. "धावत्या मूसच्या किती पुढे धरायचं, ही चिंताच नको. तिसरी खूण छातीवर ठेवायची, फुली आपोआप पुढे जाते. चाप ओढायचा. विचार करायचं कामच नाही."

"तुला सोयीची पडत असेल," तोरबोर्ग म्हणाली.

पण जेमतेम तीन गोळ्यांवर पास झाल्याचं ती विसरली नव्हती. म्हाताऱ्यांची दुर्बीण हे शब्दही लागले असावेत. तिने खुंटवाली खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली आणि खुणांची घेतली. आल्गोटने पैसे मोजून घेतले. मला गळ द्यायला मात्र तो साफ विसरला.

ऑगस्टात तोरबोर्गने चारपैकी चार गोळ्या वर्तुळात घातल्या. आपला सल्ला इतका गुणकारी ठरेल असं बोर्येला वाटलं नव्हतं. त्याने अभिनंदन केलं, पण दालचिनीचा पाव अर्धाच खाल्ला.

मग सप्टेंबर आला, हाक्याचा पहिला दिवस. मी टेकाडावर गाडीत बसून बिनतारी यंत्र ऐकत होतो. तुस्साचं, म्हणजे एवर्टच्या कुत्रीचं, भुंकणं दलदलीकडे सरकत गेलं, आणि चौथ्या ठिय्यावरून एक बार वाजला.

"चारवर काय पडलं?" एवर्टने विचारलं.

बराच वेळ नुसती खरखर.

"तोरबोर्ग, चारवर काय पडलं?"

"बर्च," तोरबोर्ग म्हणाली.

अकराव्या ठिय्यावरून बोर्ये हसला, तो यंत्राशिवायही ऐकू आला असता.

जनावर जखमी तर नाही ना, हे पाहायला एवर्टने तुस्साला नेलं. तिने दोनशे मीटरपर्यंत माग हुंगला. रक्ताचा थेंब नाही. परत येऊन तिने बर्चची नीट तपासणी केली आणि त्याच्या बुंध्याशी मागचा पाय वाकवून बसली. जखम पाहिल्यावर असा उपचार करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

टोळीच्या झोपडीत त्या दिवशी मूसच्या रश्श्यापेक्षा तोरबोर्गची थट्टाच जास्त वाढली गेली. एवर्टने बर्चचा गोळी लागलेला ओंडका कापून आणला, त्यावर तारीख लिहिली आणि शिंगांच्या रांगेत खिळ्याला टांगला. "किती फाट्यांचा होता?" कुणीतरी विचारलं. तोरबोर्गही हसली. पण शनिवारी पुन्हा परीक्षा, असं एवर्टने जाहीर केलं तेव्हा ती कॉफी ढवळत राहिली, आणि ती कॉफीत साखर घालत नाही. बोर्येने मला बाजूला घेऊन विचारलं, "हॅल्वार, त्या चौथ्या ठिय्याचा दगड थंडीत ओला असतो का रे?"

"बसणाऱ्यावर अवलंबून आहे," मी म्हटलं.

घरी सोडताना तोरबोर्गने मला खरं सांगितलं. मूस दुडक्या चालीने आला होता. तिने तिसरी खूण छातीवर धरली आणि चाप ओढायला घेतला. तेवढ्यात मूस थांबला. जागच्या जागी, दाराशी पाव्हणा थबकतो तसा. फुली त्याच्या पुढेच राहिली, बोट थांबलं नाही, आणि गोळी त्याच्या गळ्यासमोरून बर्चमध्ये गेली.

"मी खुणेकडे बघत होते, हॅल्वार. मूसकडे बघतच नव्हते."

मी विचारात पडलो, कारण यात माझाही हात होता. आमचा लाकडी मूस चौदा वर्षं माझ्या बटणावर एक तर उभा राहतो, नाही तर धावतो. धावता धावता थांबणं मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं. खरे मूस तर दिवसभर तेवढंच करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आल्गोटकडे गेलो. या वेळी गळांचं निमित्तही मी काढलं नाही.

"ती खुंटवाली आहे का अजून?" तोरबोर्गने विचारलं. "का गेली?"

आल्गोटने गल्ल्याखालचा कप्पा ओढला. दुर्बीण फडक्यात गुंडाळलेली होती आणि वर चिठ्ठी: तोरबोर्ग.

"जुलैपासून ठेवलीस?"

"सगळ्यात जास्त वेळ तू हिच्यातूनच बघितलंस," आल्गोट म्हणाला. "बाकीच्यांतून तू बोलत होतीस."

यावर तोरबोर्गला उत्तर सुचलं नाही. एकतीस वर्षं पुस्तकांच्या गाडीत काढलेल्या बाईला उत्तर सुचू नये, ही बातमी मी दुपारपर्यंत चार घरी पोचवली. आल्गोटने खुणांची दुर्बीण परत घेतली, खुंटवाली स्वतःच्या हाताने रायफलवर बसवली आणि शनिवारी दुकानाला कुलूप लावून मैदानावर हजर झाला. स्क्रू तपासायला, असं म्हणाला.

शनिवारी तोरबोर्गने आधी कागदावर गोळ्या मारून नेम जुळवून घेतला. मग टोळी बाकांवर बसली आणि मी बटणापाशी गेलो. पहिली फेरी: मूस निघाला, तोरबोर्ग त्याच्याबरोबर वळली, बार. छातीत. दुसऱ्या फेरीत तिला उशीर झाला आणि गोळी पोटात गेली. बोर्येने सुस्कारा सोडला, सहानुभूतीचा असावा. तिसरी छातीत. आता चौथीवर सगळं होतं. ही चुकली तर चौथा ठिय्या चिठ्ठ्यांत, आणि बोर्येला चिठ्ठ्यांमध्ये नेहमी यश येतं. कसं येतं ते वेगळं सांगेन.

मी मूस सोडला. तो झाडीतून निघाला, पट्ट्याच्या मध्यावर आला, आणि मी बटण सोडून दिलं.

मूस थांबला. बाकांवर कुणीतरी "अरे" म्हणालं. रायफलची नळी कणभर पुढे गेली, मागे आली, स्थिर झाली, आणि बार झाला.

वर्तुळाच्या मधोमध.

"हे चालणार नाही," बोर्ये उठला. "उभ्या मूसला तर माझी सासूही मारील."

"माझी आई वारली," तोरबोर्ग म्हणाली, "पण ती उठली तर तुझ्यापेक्षा बरी मारील."

"हॅल्वारने मूस थांबवला. परीक्षा धावत्या मूसची आहे."

"धावतच होता," मी म्हटलं. "मग त्याला काही आठवलं असेल."

एवर्टने दुर्बीण लावून भोक पाहिलं. "छातीत आहे ना? मग आहे. पण बोर्येचंही बरोबर आहे. इतकं सोपं असेल तर त्यानेच करून दाखवावं."

बोर्ये ऐटीत गेला. तीन फेऱ्या मी मूसला सरळ पळू दिलं, आणि खरं बोलायचं तर तिन्ही त्याने सुरेख मारल्या. चौथ्या वेळी तो तयारीत होता. मूस थांबणार हे त्याला ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. मी थांबवला. बार झाला. मूसच्या नाकापुढे रुळांवरच्या गाडीला ठोकलेली फळी होती, तिचा तुकडा उडून गवतात पडला.

कुणी हसलं नाही. बाकांवरचा प्रत्येक जण मनातल्या मनात आपली गोळी कुठे गेली असती ते बघत होता.

"अकरावर काय पडलं?" तोरबोर्गने विचारलं.

मग मात्र हसले. बोर्येही हसला, जरा उशिरा. फळीचा तो तुकडा आता झोपडीत बर्चच्या ओंडक्याशेजारी टांगलेला आहे, त्याच्या नावानिशी. टोळीने ठराव केला की परीक्षेत एकदा तरी मूस थांबलाच पाहिजे, आणि कधी, ते हॅल्वार ठरवील. त्या दिवसापासून माझ्या कॉफीबरोबर लोक आपणहून पाव आणतात.

पुढचा हाका मंगळवारी होता. मी टेकाडावर गाडीत. तुस्साचं भुंकणं दलदलीकडे गेलं, मग थांबलं. शांतता. चौथ्या ठिय्यावरून एकच बार.

"चारवर काय पडलं?" एवर्टने विचारलं.

"मूस."

"नक्की?"

"मी मोजलेत," तोरबोर्ग म्हणाली. "बर्च सगळे उभे आहेत."