मला एकच बाहुली हवी होती

तंजावूरला जायला पासपोर्ट लागत नाही, परदेशाशी फरक एवढाच. दुकानांवरच्या पाट्या मला वाचता येत नव्हत्या, रिक्षावाल्याशी मी हातवारे करून बोलत होते आणि पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवूनही एक आणि दोन बोटांनी दाखवत होते. आधार एकच, विहीणबाईंचा. सुनेचं माहेर इथलं, राजवाड्याजवळच्या गल्लीतलं. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून घरात मराठी बोलतात. शब्द आमच्या पणजीच्या काळचे आणि सूर तमिळ, त्यामुळे पहिले दोन दिवस मी नुसती मान हलवत होते.

देऊळ बघायला आले, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं काम वेगळं होतं आणि ते विहीणबाईंच्या नकळत उरकायचं होतं.

झालं होतं असं. गेल्या नवरात्राआधी मी कपाट आवरायला काढलं. त्यात जुन्या साडीत गुंडाळलेल्या दोन लाकडी बाहुल्या निघाल्या, एक राजा आणि एक राणी. वीतभर उंचीच्या, लालसर लाकडाच्या, ना रंग ना कपडे. शेजारणीची नात तेव्हा आमच्याकडे भोकाड पसरून बसली होती. मी राजा तिच्या हातात दिला. ती गप्प झाली आणि आठवड्याभरात आईबापांबरोबर, राजासकट, दुबईला गेली.

नंतर कळलं, या बाहुल्यांना मरपाची म्हणतात. इकडे आई लेकीला लग्नात ही जोडी देते. नवरात्रात घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात, आणि कोलूत सर्वांत आधी, सर्वांत वर ही जोडी बसते. सुनेनं विचारलं, राजा कुठे आहे? मी सांगितलं. भांडणाची माझी जय्यत तयारी होती, चार चांगली उत्तरं योजून ठेवली होती. ती फक्त म्हणाली, "असू दे, आई." आणि तिनं राणीला एकटीलाच वर ठेवलं. माझी चारही उत्तरं वाया गेली. नऊ दिवस त्या राणीसमोर आरती म्हणताना मला फार लाज वाटली.

या नवरात्रात विहीणबाई पुण्याला येणार होत्या. त्याआधी राजा जागेवर हवा होता. राणीची उंची सुतानं मोजून, गाठ मारून ते सूत मी पर्समध्ये ठेवलं होतं.

सकाळी विहीणबाई मला किराण्याला घेऊन गेल्या. कॉफी दळून देणाऱ्यानं चिकोरी किती घालू म्हणून विचारलं. मी पुणेरी बाणा दाखवत म्हटलं, भेसळ अजिबात नको. विहीणबाईंनी त्याला तमिळमध्ये काहीतरी सांगितलं, तो हसला आणि त्यानं त्यांच्या घरी जाते तीच पूड बांधली. मग ताकातल्या वाळवलेल्या मिरच्या, उडदाचे पापड, हिंगाचा खडा. प्रत्येक वस्तू आमच्याकडे जास्त चांगली मिळते, असं मी सांगत होते आणि पिशवीत टाकत होते. घरी येऊन त्या तांदूळ निवडायला बसल्या तशी मी "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून निसटले.

बाहुल्यांचं दुकान पलीकडच्या गल्लीत होतं. मान डोलावणाऱ्या रंगीत बाहुल्यांमागे मरपाची ओळीनं उभ्या होत्या. मी सूत लावलं आणि मापाचा राजा उचलला. दुकानदारानं राणी आणून शेजारी ठेवली. मी राणी बाजूला सारली, एक बोट दाखवलं. त्यानं दोन दाखवली. दोघांचे पैसे घे, पण राजा एकटाच दे, हेही मी खुणांनी सांगून पाहिलं. तेव्हा त्यानं दोघांनाही उचललं आणि फळीवर परत ठेवलं. जोडी फोडायला तो तयार नव्हता. असा गिऱ्हाइकाला नकार देणारा दुकानदार मी पुण्याबाहेर पहिल्यांदाच पाहिला.

आमची बोटं चालू असतानाच विहीणबाई पिशवी घेऊन दारात आल्या. त्यांनी माझ्या हातातलं सूत पाहिलं, मग फळी पाहिली. मी सूत मुठीत दडवलं.

"तुम्हांस कळलें तर," त्या म्हणाल्या. "मीच नवी जोडी आणणार होतें. लेकीनें सांगितलें, तिच्याच हातून राजा हरवला. फार बोललें मी तिला. आईनें दिलेलें सांभाळतां येत नाही, तर संसार काय सांभाळशील, म्हटलें. दिवाळीपर्यंत फोन केला नाही."

मी सुटले होते. काही न बोलता नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं, आणि मान हलवायची तर मला चांगली सवय झाली होती. पण दिवाळीत त्या पोरीनं माझ्यासाठी जरीची साडी आणली होती, आणि ती नेसून मी तिच्या चकलीला नावं ठेवली होती.

"तिनं नाही हरवला," मी म्हटलं. "मी दिला. शेजारच्या मुलीला, खेळायला. लाकूडच तर आहे, म्हणून."

विहीणबाईंनी पिशवी खाली ठेवून लेकीला फोन लावला. पलीकडून "काय अम्मा" ऐकू आलं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"मी सांगितलं गं त्यांना," मी म्हटलं.

ती हळूच म्हणाली, "कशाला सांगितलंत, आई? आता अम्मा तुमच्याशी बोलायची नाही."