कूलरसमोरची जागा

नागपूरच्या उन्हाळ्यात माणसाचा घरातला मान तो कूलरपासून किती लांब बसतो यावर ठरतो. सत्तरच्या दशकात आमच्या घरी एकच कूलर होता आणि त्याच्यासमोरची जागा सासऱ्यांची. जेवण झालं की त्यांची आरामखुर्ची तिथे लागायची. वाऱ्यात कुणी आडवं आलं की त्यांचा पारा चढायचा.

घरातली कुत्री मी आणलेली, त्यामुळे तिचा उद्धार झाला की माझाही व्हायचा. त्या एप्रिलमध्ये ती फाटकाबाहेर जीपखाली आली आणि तिची मागची मांडी मोडली. जनावरांच्या दवाखान्यात हाडात सळई घालून वरून प्लास्टर केलं. घरी आणली तेव्हा ती उन्हाने धापा टाकत होती. सासऱ्यांनी खुर्ची मागे ओढली.

"ठेव वं तिले इथं. लय तरास झाला तिले."

कूलरच्या तोंडाशी पोतं अंथरून आम्ही तिला निजवलं. कूलरला लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर दिवसभर पाणी गळायचं, खोलीभर ओला वारा आणि तो गोड वास. ती शांत पडून असायची. बरी होतेय, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

मग एके दिवशी नळाला पाणी आलं नाही. कूलर बंद राहिला. ताट्या वाळल्या, वाळ्याचा वास उडाला आणि त्याच्याखालचा दुसराच वास खोलीत पसरला. मी प्लास्टरला हात लावला. ते भिजलेल्या भाकरीसारखं मऊ लागलं.

डॉक्टरांनी प्लास्टर कापलं तर आत पू. कूलरचं सांगितल्यावर ते रागावलेसुद्धा नाहीत. "तुम्हीच नाही, सारं नागपूर हेच करते. पण पू हाडात गेला तर पाय कापावा लागेल. जखम कोरडी ठेवा."

करायला गेलो एक अन् झालं भलतंच. दुसऱ्या खोलीत ठेवलं तर ती तीन पायांवर फरफटत पुन्हा कूलरपाशी यायची. शेवटी सासऱ्यांनीच कूलरची पिन उपटली. अख्खा नवतपा, मे अखेरचे ते नऊ भाजके दिवस, आम्ही उकडून काढला. ते डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून जमिनीवर बसायचे आणि तिला हातपंख्याने वारा घालायचे. जखम मी धुवायची, तोंड त्यांनी धरायचं. ती विव्हळली की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

"काहून रडून राहिली वं? होते बरं," ते म्हणायचे. कुत्रीला नाही, मला. लग्न होऊन आल्यापासून माझ्याशी ते इतक्या मऊपणे कधीच बोलले नव्हते.

नवतपा सरता सरता जखम कोरडी पडली. पाय वाचला. कूलर पुन्हा सुरू झाला, तशी ती लंगडत आली, चौथा पाय हलकेच टेकवला आणि बरोबर त्यांच्या जागेवर पसरली.

"पाह्य, बसली माह्या जागेवर!" ते ओरडले, आणि खुर्ची घेऊन भिंतीशी गेले.

पुढचे सगळे उन्हाळे ती जागा तिचीच राहिली. ती म्हातारी होऊन गेली, त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये कूलर लावताना मी सासऱ्यांना म्हटलं, "मामाजी, खुर्ची पुढे घ्या आता."

"राहू दे वं. येऊन राहिली ना हवा इथं."

भिंतीशी वाऱ्याची झुळूकसुद्धा पोचत नव्हती.