ढावलो शिकवणारी भागीरथा

मारेगावजवळच्या बंजारा तांड्यात लग्न निघालं का पहिला निरोप भागीरथाले. सासरी निघताना नवरी रडत रडत जे गाते, तो ढावलो. तो पोरींले शिकवायचं काम तिचं. बाई मोठी तोंडाळ! पोरगी नीट रडली नाही तर म्हणे, "सासरी चालली का बाजारले?"

शाल्मली यवतमाळच्या कॉलेजातली. कोण कोणापासून गाणं शिकलं, हे विचारत ती तांडे फिरली. कॉम्प्युटरवर तिनं एकेका बाईचा ठिपका केला अन् शिकवणारीपासून शिकणारीपर्यंत रेघ ओढली. मधोमध भागीरथा, चहूकडं रेघाच रेघा. म्हातारी हरखली.

"अन् माही सून? लालीबाई?"

शाल्मलीनं कोपऱ्यातला ठिपका दाखवला. सासूकडून आलेली एक रेघ, पुढं काहीच नाही.

"हिले तं माह्याहून जास्त येते वं!"

"मग त्यांनी कोणालाच कसं शिकवलं नाही?"

कपाशीच्या फवारणीचं विष अंगात भिनून भागीरथाचा पोरगा गेला, तेव्हापासून सुनेले तिनंच घरात बसवलं होतं. विधवेनं नवरीजवळ जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं.

शाल्मलीनं मधला ठिपका पुसून पाहिला. जाळंच विस्कटलं, बाया सुट्या सुट्या उरल्या. भागीरथाच्या घशातली गाठ डॉक्टरनं आधीच सांगितली होती. गाणं बंद पडलं होतं, घोगरं बोलणं तेवढं उरलं होतं.

पुढचं लग्न सुखीबाईच्या पोरीचं निघालं. भागीरथा लालीबाईले घेऊनच गेली.

"माह्याच्यानं आता होत नाही. माही सून शिकवंल पोरीले."

सुखीबाईनं दारातच अडवलं. "मावशी, माह्या लग्नात माह्या सख्ख्या बहिणीले तुम्हीच उठवलं होतं, विधवा म्हणून. तवा ती किती रडली, ठाऊक हाय? आता माह्याच पोरीच्या वक्ताले हे कायले?"

भागीरथानं मान खाली घातली. काय बोलणार, कप्पाळ! पेरलं तेच उगवलं. दोघी आल्या पावली फिरल्या.

लग्नाच्या दिवशी नवरी मुक्यानंच गाडीत बसली. डीजे तेवढा वाजत होता. दोघी सासूसुना दुरूनच पाहत होत्या.

संध्याकाळी लालीबाईनं सासूपुढं पाण्याचा गिलास ठेवला. सासूले ती याडी, म्हणजे आईच म्हणे.

"याडी, गाता येत नव्हतं, कबूल. पण 'माहं चुकलं' एवढं तं बोलता येत होतं न?"