रूमचे सर आणि पेरूचे चाचा

सर गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने केला. रडत रडतच म्हणाला, "राहात्याला तूच कळव. चाचा माझा फोन उचलायचे नाहीत." चाचा म्हणजे सरांचे धाकटे भाऊ, रशीदचाचा. राहात्यात त्यांचा पेरूचा व्यापार आहे. मी फोन लावला. "चाचा, नजीर सर गेले."

"कोन नजीर?"

"आपले... रूमी सर."

"मी बागवान हाय. आमच्यात कोनी रूमी न्हाई."

फोन मात्र कट होईना. मागे बाजारातला गलका ऐकू येत होता... बऱ्याच वेळाने चाचांनी विचारलं, "मय्यत कधी हाय?" आणि मी केडगावला सरांच्या घरी पोचलो, तेव्हा ते माझ्या आधी फाटकापाशी उभे होते.

नजीर सरांनी मला शाळेत इतिहास शिकवला. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. नगरला शिकायला आलो, तेव्हा सरांनी केडगावच्या घरातली पुढची खोली मला दिली आणि पदवी हातात येईपर्यंत पोटच्या पोरासारखं सांभाळलं. आई गावात सांगायची, "दत्तू सरांच्या रूमवर राहतो." हे ऐकून सर केवढे खूश! कारण ते स्वतःला रूमचे म्हणवून घ्यायचे. रूम म्हणजे जुन्या काळी तुर्कांचा मुलूख, उस्मानी सुलतानाचं राज्य. शाळेत रुजू झाल्या दिवशी "आम्ही मूळचे रूमचे" असं त्यांनी सांगितलं, तेव्हा हेडमास्तर गंभीरपणे म्हणाले होते म्हणे, "स्टाफरूम तर एकच आहे. तिथेच बसा."

सरांची हकीकत अशी. त्यांचे पूर्वज सुलतानाच्या कारखान्यात तोफा ओतायचे. एकदा खुद्द सुलतानासमोर नवी तोफ पहिल्याच बाराला फुटली. आता मुंडकी उडणार, म्हणून चौघे भाऊ त्याच रात्री चार दिशांना पळाले. एक मिसरला, एक बगदादला, एक येमेनला. पण तिन्हीकडे पुढे सुलतानाचंच राज्य आलं आणि त्यांची पोरंबाळं पुन्हा पांगली. धाकटा तेवढा समुद्र ओलांडून निजामशाहीत, आपल्या नगरला आला. इथे तोफा हव्याच होत्या. निजामशाही बुडाल्यावर तोफांचं काम संपलं आणि घराण्याने राहात्यात बागा धरल्या.

कॉलेजात पुरावा मागायला शिकल्यावर मी एकदा भीतभीत विचारलं. सर म्हणाले, "पुरावा? माझं नाक बघ." आणि वर, "आम्ही जातिवंत ओतारी. आम्हाला चटका लागत नाही," असं म्हणून चहाचं उकळतं पातेलं सांडशीशिवाय उचलून दाखवलं. मग बराच वेळ एक हात पाण्याच्या बादलीत ठेवून ते माझ्याशी पानिपतावर बोलत होते.

चाचांना यातलं काहीच पटत नसे. तरी ते ऐकायला यायचे. बिनसलं ते सरांच्या मुलाच्या लग्नात. पत्रिकेवर सरांनी बागवान काढून रूमी छापलं. "बापाचं नाव कमी पडलं व्हय?" एवढंच म्हणून चाचा उठले, ते केडगावला पुन्हा आले नाहीत. सर फार खचले. चार भाऊ पांगल्याची गोष्ट मिटक्या मारत सांगणाऱ्या या माणसाला एक भाऊ पांगलेला सोसेना. रशीदने एकदा घरी यावं, एवढंच ते बोलून दाखवत. शेवटी त्यांनी मला राहात्याला धाडलं.

चाचा पेरू निवडत होते. म्हणाले, "सांग तुझ्या सरांना, तुमी रूमचे, आमी पेरूचे. तो पन देशच हाय की! अन् त्या तोफंतून पेरू कसा निघाला, तेबी इचार. नाकाचं म्हनशील तर तसलं नाक निम्म्या राहात्याला हाय." निघताना मात्र पेरूची एक पेटी माझ्या हातात दिली. मग दर हिवाळ्याला पेटी येत राहिली, माणूस नाही. सर एकेक पेरू मीठ लावून खात आणि म्हणत, "रूममध्ये असा पेरू नव्हता हो..."

आता चाचा दर शुक्रवारी नमाज झाली की केडगावला येतात. सरांच्या खुर्चीत बसत नाहीत, समोर बसतात. गेल्या शुक्रवारी मीही होतो. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो होतो. मग चाचा एकदम चिडून म्हणाले, "नुसता काय बसलायस? शिकलेला हायेस ना? बोल की भाईच्या बाजूनं. मी भांडू कुनाशी?"

ज्या गोष्टीवर माझा कधी विश्वास बसला नाही, ती मी सांगायला लागलो. तोफ फुटली, भाऊ पळाले, धाकटा होडीत बसला...

"होडी?" चाचांनी मला थांबवलं. "होडी न्हाई, गलबत. भाई गलबत म्हनायचा. आन् चौघं किनाऱ्यावर एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, ते कुठं गेलं? असं मधलं खाऊ नको. नीट सांग. पहिल्यापास्नं सांग."