मेणबत्तीची साक्ष

तिला मेणबत्ती हे नाव पाळकसाहेबांनी दिलं, तेही भर उपासनेत, माइकवरून. "स्वतः जळते आणि दुसऱ्याला उजेड देते, अशी एक बहीण आपल्या मंडळीत आहे," असं म्हणून त्यांनी बोट दाखवलं. सगळं चर्च मागे वळून बघायला लागलं आणि हिला मान कुठे खुपसावी कळेना. त्या दिवसापासून पोरंसोरंही तिला मेणबत्ती काकू म्हणायला लागली. तिचं खरं नाव कुणाच्या तोंडात राहिलं नाही. घरातल्या विजेच्या बिलावरही नव्हतं, ते नवऱ्याच्या नावाने यायचं.

उजेड पडायचा तो सासूवर. सासू न्हाणीघरात घसरून पडली, मागोमाग डावं अंग लुळं झालं. हात गेला, पाय गेला, अर्धं तोंड वाकडं झालं, पण जीभ ठणठणीत राहिली. त्या जिभेनेच सासू दिवसभर घर चालवायची. "पाणी दे. गार नको, कोमट. कोमट म्हटलं, चटका नको. तुला कोमट कळत नाही का गं? आईने काय शिकवलं तुला?" आणि भेटायला कुणी आलं की हळूच सांगायची, "ही मला उपाशी ठेवते हो." हे सांगताना हनुवटीवर दुपारच्या खिमटीचे ओघळ.

पडल्यावर ठरलं होतं ते असं, की थोडे दिवस सून बघेल, मग नणंद आपल्या आईला घेऊन जाईल. नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहायची. खालचा मजला, चार खोल्या, मुलं नोकरीला लागून बाहेर. ती बायकांच्या प्रार्थनासभेची प्रमुख होती. दर गुरुवारी सात-आठ बायका घेऊन भावाकडे यायची, आईच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करायची, गाणी व्हायची, चहा-बिस्किटं व्हायची. आईला नेमकं त्याच वेळी लागायचं. मग नणंद डोळे न उघडताच म्हणायची, "अगं, आईला बघ जरा." बाकीच्या बायका आवाज चढवून गायला लागायच्या, म्हणजे भांड्याचा आवाज ऐकू येऊ नये.

थोडे दिवस म्हणता म्हणता सहा वर्षं झाली.

त्याआधी मेणबत्ती शर्टांच्या कारखान्यात होती. कॉलरच्या मशिनवर. कॉलर लावणं हे येरागबाळ्याचं काम नाही. दोन्ही टोकं सारखी यायला हवीत, नाहीतर सगळा शर्ट तिरका दिसतो, घालणारा माणूसही तिरका दिसतो. आता घरातलं मशिन पलंग आणि स्वयंपाकघराच्या मधल्या जागेत अंग चोरून उभं होतं. त्यावर शेजारपाजारच्यांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या. पायडलवर पाय पडला रे पडला की पलंगावरून हाक यायचीच.

एका शुक्रवारी कारखान्यातली जुनी मैत्रीण घरी आली. ती कापडाच्या कडा कापून शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशिनवर बसायची आणि बोलायचीही तशीच, सगळे धागेदोरे कापत.

"ऐक. कॉलरवाली काम सोडून गेली. नवीन पोरी कॉलर लावतात ती कुत्र्याच्या कानासारखी. मास्तर म्हणाले, तिला विचारून ये, सोमवारी सकाळी आली तर जागा तिची. नाहीतर दुसरी बघतो."

"आणि ह्यांना कोण बघणार?" तिने पलंगाकडे डोळे केले.

"ह्यांना पोरगी नाही का? परवा बाजारात भेटली. मी जात नाही कधी तुमच्या चर्चला, तरी अर्धा तास मला देव समजावत होती."

पलंगावरून आवाज आला, "मी बहिरी नाही झाले अजून."

"माहीत आहे हो आजी, तेवढंच राहिलंय," मैत्रीण म्हणाली. मग उठता उठता हिला म्हणाली, "मेणबत्ती म्हणतात ना तुला? जळतेस तेव्हा विचारलं का एकानं तरी, बाई गं, भाजतंय का म्हणून?"

पगाराची तिला गरज होतीच, पण जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत. तिला दिवसातले काही तास असे हवे होते, की जिथे तिला कुणी चांगली म्हणणार नाही. कॉलर वाकडी लागली तर मास्तर शिव्या देतील, सरळ लागली तर कुणी ढुंकूनही बघणार नाही. बस. एवढंच.

नवऱ्याला विचारलं. नवरा शाळेची बस चालवायचा आणि रविवारी गायकांच्या रांगेत उभा राहायचा. माणूस वाईट नव्हता, फक्त घरात असताना तो घरात नसल्यासारखा असायचा.

"देवाने तुला ह्या सेवेसाठी निवडलंय," तो म्हणाला.

"देवाने निवडलं की तुमच्या ताईंनी?"

"हे बघ, मला गाण्याच्या सरावाला उशीर होतोय."

मग नणंदेला विचारलं. नणंदेने तिचे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, "मी ह्या गोष्टीसाठी प्रार्थना करते हं." तिथेच ही काय ते समजली. त्या मंडळीत कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नसे. प्रार्थना करते म्हटलं, की विषय संपला.

शनिवार तिने मनाशी भांडण्यात घालवला. आणि रविवारी, दुसरं गीत झाल्यावर पाळकसाहेबांनी "कुणाला साक्ष द्यायची आहे?" असं विचारलं, तेव्हा ही आपणहून उठली.

साक्ष कशी द्यायची हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. आधी संकट, मग आसवं, मग प्रभूने कसं सांभाळलं ते, मग आमेन. ह्यापूर्वी तिला उठवलं जायचं तेव्हा "प्रभूने बळ दिलं" एवढं पुटपुटून ती खाली बसायची. आज तिने माइक तोंडाजवळ धरला.

"माझं सासूबाईंवर प्रेम नाही," ती म्हणाली. "सुरुवातीला होतं की नाही, आठवत नाही. मी त्यांचं करते कारण केलं नाही तर घरात वास सुटतो. रात्री त्या हाक मारतात तेव्हा मी ऐकू आलं नाही असं दाखवून पडून राहते. कधीकधी बराच वेळ. एकदा त्यांना धुताना मी मुद्दाम गार पाणी घेतलं. तुम्ही मला मेणबत्ती म्हणता, मला ते सहन होत नाही. मी थकले आहे. मला कारखान्यात परत बोलावलंय, उद्यापासून. कुणीतरी ह्यांना दिवसाचं बघा. ताई इथे बसल्या आहेत. मी ताईंना सगळ्यांसमोर विचारते, न्याल का?"

आता छप्पर कोसळणार असं तिला वाटलं. तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्याचा भरलेला आवाज आला, "आमेन!" मग दुसरा आमेन. मग बायकांचे हुंदके. सगळ्यांत मोठा हुंदका नणंदेचा. पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"केवढी नम्रता!" ते म्हणाले. "आपली दुर्बलता अशी उघडी करायला किती विश्वास लागतो! आपल्यापैकी किती जणांत आहे हे धैर्य?" आणि पुढचं सगळं प्रवचन ह्यावरच झालं.

बाहेर आल्यावर बायका तिला मिठ्या मारायला लागल्या. "तुमच्यामुळे मला किती बळ मिळालं," एक म्हणाली.

"मग उद्या दुपारी याल का दोन तास, सासूबाईंपाशी?"

"मी प्रार्थना करीन हं."

पाळकसाहेब स्वतः फाटकापर्यंत आले. "पुढच्या महिन्यात सगळ्या मंडळ्यांचा मेळावा आहे. तिथे हेच बोला. मात्र तो वासाचा वगैरे भाग जरा कमी करा. आणि शेवट आशेचा असू दे."

घरी आली तेव्हा सासू डोळे उघडे ठेवून पडली होती. बातमी तिच्याआधी पोचली होती. नवरा आधी घरी पोचून फोनवर कुणालातरी कौतुकाने सांगत होता, ते सासूने ऐकलं होतं.

"खरं बोललीस म्हणे."

"हो."

"गार पाण्याचंही सांगितलंस?"

"सांगितलं."

"मला वाटलंच होतं तेव्हा, मुद्दाम आहे म्हणून." सासूचं अर्धं तोंड हललं. ते हसू होतं की काय, ओळखायची सोय नव्हती. "मग? आली का माझी लेक न्यायला?"

"नाही."

"येत नाही ती. माझ्यावर गेलीय. मीही माझ्या सासूचं केलं नव्हतं, जावेच्या गळ्यात घातलं होतं." मग म्हणाली, "तू मूर्ख आहेस. माणसांना विचारायचं नसतं. नेऊन ठेवायचं असतं."

सोमवारी सकाळी नवरा बस घेऊन गेल्यावर तिने सासूला चाकाच्या खुर्चीत बसवलं. मांडीवर कपड्यांचं गाठोडं, खुर्चीच्या दांड्याला बादली अडकवलेली, त्यात भांडं, फडकी, फिनेलची बाटली. दोन गल्ल्या ढकलत नेलं. नणंदेच्या दारामागे भक्तिगीतं लावलेली होती. हिने बेल वाजवली. पडदा हलला, गाण्यांचा आवाज बारीक झाला, दार काही उघडेना.

"जोरात वाजव," सासू म्हणाली. "आत आहे ती. मी तिला जन्म दिलाय."

दार उघडलं. नणंदेने आधी आईकडे बघितलं, मग बादलीकडे.

"अगं, हे काय! मी प्रार्थना करत होते ना ह्यासाठी?"

"मग ऐकलीय देवाने. घ्या."

"तुझ्यासारखा विश्वास नाही गं माझ्यात. तुला देवाने ती देणगी दिलीय. मला वास आला तरी उलटी होते."

"देणगी नाही ताई, बादली आहे ती. रोज सकाळी आणि रात्री. फडकी उन्हात वाळवायची." तिने बादली नणंदेच्या हातात दिली, सासूच्या पायांवरची चादर सारखी केली आणि निघाली. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय अडला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कारखान्यात त्या दिवशी तिच्या पहिल्या तीन कॉलरी बिघडल्या. मास्तरांनी सगळ्यांसमोर झाप झाप झापलं. ती मान खाली घालून उसवत बसली. ओव्हरलॉकवालीने बघितलं तर बाई हसत होती.

संध्याकाळी घरी पाळकसाहेब आणि मंडळीचा कारभार बघणारे दोन वडीलजन बसलेले होते. नवरा कोपऱ्यात, जणू घरात कुणी गेलंय.

"आम्हाला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," पाळकसाहेब म्हणाले. "आजारी माणसाला दारात सोडून जायचं?"

"दारात नाही, लेकीच्या हातात दिलं. आणि मी कालच सांगितलं होतं की. माइकवर सांगितलं. तुम्ही डोळे पुसलेत."

पाळकसाहेब मनापासून गोंधळले. "अहो बाई," ते म्हणाले, "ती साक्ष होती!"

तिने चहा टाकला. तिघांनी तो प्यायला आणि जाताना तिच्यासाठी प्रार्थना केली. तिचं हृदय दगडाचं झालंय ते मऊ व्हावं, अशी.

मेळाव्याला तिला कुणी बोलावलं नाही. मेणबत्ती हे नावही गळून पडलं. चर्चमध्ये तिला आता "त्या" म्हणायला लागले. त्या आल्यात. त्या मागे बसल्यात. शेजारी जागा असली तरी बायका दाटीवाटीने पुढच्या बाकावर बसायच्या.

आठवडाही झाला नसेल, नणंदेचा फोन आला. आईच्या पाठीला लाल झालंय, हात लावू देत नाही, शिव्या देते, मला बघवत नाही. ही त्या दिवशी कारखान्यातून सरळ तिकडे गेली. पाठ बघितली. कातडी सोलवटायला लागली होती. धुतली, कोरडी केली, मलम लावलं, चादर बदलली. दुसऱ्या दिवशीही गेली. मग रोजच. कारखाना सुटला की नणंदेच्या मागच्या दाराने आत. मागच्या दाराने यायला नणंदेनेच सांगितलं होतं. पुढच्या खोलीत कुणी ना कुणी बसलेलं असायचं, उगाच प्रश्न नकोत.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी नणंदेने आईला नवी शाल पांघरून चर्चमध्ये आणलं आणि खुर्ची अगदी पुढे लावली. दुसऱ्या गीतानंतर ती साक्षीला उठली. आईची सेवा करताना प्रभू रोज कसा भेटतो, ते तिने सांगितलं. रात्री-अपरात्री कसं उठावं लागतं, जखम धुताना हात कसे थरथरतात आणि मग कशी शांती उतरते, तेही सांगितलं. छान सांगितलं. वासाचा भाग नव्हता आणि शेवट आशेचा होता. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. तिला अजून नाव पडलं नव्हतं, पण पाळकसाहेब शोधत असावेत. गायकांच्या रांगेतून नवऱ्याने बायकोकडे असं बघितलं, की बघ, माझी बहीण.

शेवटच्या बाकावर ती बसून होती. सगळे आमेन म्हणाले तेव्हा तिचे ओठ हललेही नाहीत. उठून सांगता आलं असतं. पण सांगून काय होतं ते तिने एकदा बघितलं होतं.

सोमवारी संध्याकाळी ती नेहमीसारखी मागच्या दाराने आत आली. पुढच्या खोलीत नणंदेचा फोन चालला होता, कालच्या साक्षीबद्दल कुणीतरी बोलत असावं. हिने हात धुतले, बाह्या वर केल्या, पाणी मनगटावर टाकून बघितलं.

"ऐकलंस ना काल?" सासू म्हणाली. "मी तोंड उघडणार होते. मग म्हटलं, मला राहायचंय इथेच."

"बरं केलंत."

"तू कशाला येतेस अजून? आता तर कुणी बघतही नाही तुझ्याकडे."

"पाठ ओली राहिली की चिघळते."

"म्हणजे प्रेमबिम नाही."

"नाही."

"देवासाठीही नाही?"

तिने फडकं पिळलं. पुढच्या खोलीत नणंद कुणालातरी सांगत होती, सगळा महिमा त्याचाच, माझं काही नाही.

"ते मला कळेनासं झालंय, आई," ती म्हणाली. "कुशीवर व्हा."