एकशे पंचाहत्तर की सव्वादोनशे

संघमित्रा तांबे त्या आठवड्यात तिसऱ्यांदा गॅरेजच्या पायरीवर येऊन उभी राहिली, तेव्हा इद्रीसभाई हुर्जुक यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"चाचा, सव्वादोनशेचं किट घेतलं तर?"

"सोमवारी तुमी काय बोलला होतात?"

"एकशे शहाऐंशी."

"आनि बुधवारी?"

"बुधवारी मी फक्त विचारलं होतं."

इद्रीसभाईंचं गॅरेज तळवली गावात आहे. एक शटर, आत दोन स्कूटर मावतील एवढी जागा, तिसरी बाहेर गटाराच्या लादीवर. म्हसळ्याकडच्या गावातून ते चौऱ्याऐंशी साली इकडे आले आणि तेव्हापासून स्कूटरशिवाय दुसऱ्या कशाला त्यांनी हात लावला नाही. कुणी मोटरसायकल आणली तर ते समोरच्या गॅरेजकडे बोट दाखवतात. आता वय एकसष्ट. दिवसभर येतात त्या बिनगियरच्या स्कूटर, बहुतेक पार्सल पोचवणाऱ्यांच्या, ब्रेक-शू झिजलेल्या. गियरची जुनी स्कूटर महिन्यातून एखादी. ती आली की इद्रीसभाईंचा चहा थंड होतो. म्हणूनच संघमित्राची एकाहत्तर सालची, दीडशे सीसीची, लांबट अंगाची स्कूटर दारात लागली तेव्हा त्यांना आनंद झाला होता. तो बारा दिवस टिकला.

संघमित्रा अडतीस वर्षांची, राहायला करंजाड्याला. नोकरी रबाळ्याच्या एमआयडीसीत, कारखान्यांची मोजमापाची उपकरणं अचूक आहेत का हे तपासणाऱ्या लॅबमध्ये. स्कूटर तिने उरणच्या एका निवृत्त पोस्टमनकडून स्वतःच्या पगारातून घेतलेली. गेल्या जानेवारीत जुन्या स्कूटरवाल्यांच्या ग्रुपबरोबर ती माळशेज घाटाकडे निघाली. तिसऱ्या वळणावर इंजिन तापून बसलं. बाकीचे सतरा जण वर गेले, हिची गाडी टेम्पोत चढवावी लागली. वर पोचल्यावर ग्रुपचा म्होरक्या स्वराज हसत म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी आमच्यातल्या कुणाच्या तरी मागे बसा."

वर्षभर ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही.

इंजिनचा ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होतो तो सिलिंडर, आधीच दोनदा बोअर करून, म्हणजे आतून घासून रुंद करून, झालेला. आता नवीन घालणं भागच होतं, आणि घालायचाच तर जास्त ताकदीचा घालू, असं तिने ठरवलं. बाजारात तीन किट होती: एकशे पंचाहत्तर, एकशे शहाऐंशी आणि सव्वादोनशे सीसी. ग्रुपवर प्रत्येकाचं मत वेगळं होतं आणि ते प्रत्येक मत सकाळी पावणेआठला इद्रीसभाईंच्या फोनवर येऊन पडायचं. सोबत कुठल्या तरी परदेशी माणसाचा व्हिडिओ.

"स्वराजच्या गाडीत सव्वादोनशे आहे," संघमित्रा म्हणाली.

"असूंदे. पिस्टन ज्याला फिरवतो तो क्रँक त्याच्या गाडीत नवीन हाय. तुमच्यात एकाहत्तरचा. तो दीडशेसाठी बनवलाय, ताई! त्याच्यावर सव्वादोनशे टाकलं तर आधी इंजिनचं केसिंग कापायला लागंल, मग क्रँक जाईल. आनि समजा घाट चढलात. उतरताना थांबनार कशावर? या ब्रेकवर?"

"मग एकशे शहाऐंशी."

"या अल्लाह," इद्रीसभाई म्हणाले आणि जाऊन नळाखाली हात धुऊ लागले. हात स्वच्छच होते.

त्यांची बायको सकिना मागच्या खोलीतून डबा घेऊन आली होती. रोजची ही हुज्जत ऐकून तिचे कान किटले होते. तिने डबा बाकावर आपटला.

"ए पोरी, मला एक सांग. तुला घाट चढायचा हाय, का त्या मानसाला मागे टाकायचं हाय?"

संघमित्राच्या खिशातला फोन वाजला, तो तिने बघितला नाही.

"चढायचा आहे," ती शेवटी म्हणाली. "एकदाही गाडी तापून न थांबता."

"मग हे काय बोलतायत?"

"एकशे पंचाहत्तर," इद्रीसभाई नळापाशी उभे राहून ओरडले. "बिडाचा ब्लॉक. पहिल्या दिवसापासून तेच बोलतोय मी!"

किट आलं. इद्रीसभाईंना वाटलं, सुटलो. त्यांनी ब्लॉक पुसला, पिस्टनला बोटभर तेल लावून आत सोडला. पिस्टन अलगद खाली गेला.

"बघा. मख्खन."

"मोजायला पाहिजे," संघमित्रा म्हणाली.

"काय मोजायला पायजे? चाळीस वर्षं ही बोटं काय भाजी निवडतायत?"

पण तिने ब्लॉक आणि पिस्टन जुन्या टॉवेलात गुंडाळून नेले. लॅबमध्ये ते चार तास एसीत ठेवले, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे गरम लोखंड खरं माप देत नाही. दुसऱ्या दिवशी ती छापील कागद घेऊन आली. पिस्टन आणि भिंतीमध्ये खालच्या बाजूला साठ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या साठ हजारांशांची, फट होती, वरच्या बाजूला जेमतेम तीस. बोअर, म्हणजे ब्लॉकच्या आतलं भोक, वरती निमुळता होत गेला होता. इंजिन तापून पिस्टन फुगला की तो वरती गच्च अडकला असता.

इद्रीसभाईंनी कागद वाचला, उलटा करून पाहिला, परत दिला. मग ब्लॉक उचलला, रिक्षा केली आणि घणसोली गावातल्या ओळखीच्या लेथवाल्याकडे गेले. त्याने मोजला. तेच निघालं. त्याच्याकडून बोअर वरपर्यंत सारखा घासून घेतला, पण परत येताना सगळा रस्ता त्यांची मान खाली होती.

गॅरेजात आल्यावर मात्र त्यांनी ब्लॉक उजेडात धरला आणि आतल्या एका झरोक्याच्या कडेवरून नख फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं.

"इकडे या. बोट लावा. हळू."

"धार आहे."

"पेट्रोलची वाफ इथून वर येते. पिस्टनची रिंग दर फेरीला या कडेवरून जानार. दोनशे किलोमीटरात तुटंल. तुमच्या कागदावर हे कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

"मग लिहा!"

तिने खरंच पेन काढून लिहिलं. इद्रीसभाईंना त्याचाही राग आला. पुढचे दोन तास ते बारीक कानसीने प्रत्येक झरोक्याच्या कडेची धार मोडत बसले आणि ती शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक कडेला बोट लावून बघत राहिली.

इंजिन जोडून झालं. पहिले पाचशे किलोमीटर हळू चालवायचे होते. दर पन्नास किलोमीटरला तिचा फोन यायचा: प्लग तपकिरी दिसतोय, चालेल ना? आवाज थोडा कोरडा वाटतो, चालेल ना? इद्रीसभाईंनी दोनदा फोन सकिनाकडे दिला. सकिना दर वेळी म्हणाली, "चालंल," आणि दर वेळी ते बरोबर निघालं.

जानेवारीतल्या रविवारी ग्रुप पुन्हा माळशेजला गेला. इद्रीसभाई सकाळपासून फोन बाकावर उलटा ठेवून काम करत होते. साडेअकराला तो वाजला.

"चाचा, चढली! इंजिन जराही तापलं नाही."

"मग एवढा उशीर कसा? पावणेअकराला पोचायला पायजे होतात."

"क्लचची केबल तुटली. पाचव्या वळणावर."

ती केबल गाडीबरोबर उरणहून आली तीच होती. दोन महिने दोघांनी मायक्रॉन मोजले, कडा घासल्या, आणि हँडलखाली लोंबणाऱ्या त्या केबलला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

"तुमी बघितली नाय?"

"तुम्ही नाही बघितली?"

"मग काय केलात?"

"डिकीत एक जादा केबल होती. चाळीस मिनिटं लागली घालायला. सगळे थांबले होते. ग्रुपच्या मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने तर गाडी चढवायला फळी खाली टाकून ठेवली होती, त्याला ती परत उचलायला लावली. हँडलच्या आत काही दिसेना, तर स्वराजने टॉर्च धरला."

फोन ठेवल्यावर इद्रीसभाईंनी आधी केबल बनवणाऱ्याला शिव्या घातल्या, मग उरणच्या पोस्टमनला, मग स्वतःला, आणि स्वतःला सगळ्यात जास्त वेळ. सकिना बाहेर आली.

"चढली का?"

"चढली."

"मग ओरडताय कशाला?"

दारात एक पार्सलवाला हवा भरायला थांबला होता. इद्रीसभाईंनी त्याच्या ब्रेकची केबल दोन बोटांनी ओढून पाहिली आणि त्याला सांगितलं, "उतर खाली."

"चाचा, फक्त हवा..."

"उतर बोललो ना."